मॅक्स श्मेलिंग

मुष्टियुद्धातील जयपराजय हा एरवी दोन खेळाडूंपुरता असतो. मॅक्स श्मेलिंग या जर्मन योद्ध्याच्या वाट्याला मात्र असा काळ आला, की त्याच्या मुठीवर एक अख्खी राजसत्ता आपला हक्क सांगू लागली.

उत्तर जर्मनीतील क्लाइन लुको या लहानशा गावी २८ सप्टेंबर १९०५ रोजी त्याचा जन्म झाला. १९३० साली न्यूयॉर्क येथे जॅक शार्की याच्याशी त्याची जगज्जेतेपदाची लढत झाली. चौथ्या फेरीत शार्कीने कमरेखाली नियमबाह्य ठोसा मारला. तो बाद ठरला आणि वेदनेने तळमळत पडलेल्या श्मेलिंगला जगज्जेतेपद मिळाले. अशा विजयाचे समाधान त्याला तरी कितीसे वाटले असेल! दोनच वर्षांनी पंचांच्या वादग्रस्त निर्णयाने ते पद शार्कीकडे गेले.

त्याची खरी कीर्ती १९३६ सालची. जो लुई हा अमेरिकेचा तरुण कृष्णवर्णीय योद्धा तोवर एकही व्यावसायिक सामना हरला नव्हता. तिशी ओलांडलेल्या श्मेलिंगचा त्याच्यापुढे निभाव लागेल, असे फारच थोड्यांना वाटत होते. श्मेलिंगने मात्र लुईच्या सामन्यांच्या चित्रफिती बारकाईने न्याहाळल्या. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात किंचित खाली आणतो, ही एवढीशी उणीव त्याने हेरली. १९ जून रोजी त्याच वाटेने त्याचा उजवा ठोसा वारंवार आत शिरला आणि बाराव्या फेरीत लुई कोसळला.

जर्मनीत त्या वेळी हिटलरची सत्ता होती. हा विजय म्हणजे आपल्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरावाच, असा डांगोरा तिने पिटला. श्मेलिंग हिटलरच्या पंक्तीला बसला, हे नाकारता येत नाही; सत्तेशी उघड वैर त्याने केले नाही. पण तो नाझी पक्षाचा सभासद झाला नाही. त्याचा व्यवस्थापक जो जेकब्स हा ज्यू होता. त्याला दूर करावे म्हणून वरून दडपण आले, तरी त्याने त्याची साथ सोडली नाही.

२२ जून १९३८ रोजी लुईने पराभवाची परतफेड केली. अवघ्या १२४ सेकंदांत लढत संपली. श्मेलिंगच्या मणक्याला इजा झाली, आणि कालपर्यंत त्याचे गोडवे गाणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंच्या दुकानांवर व प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले. तेव्हा एका ज्यू परिचिताच्या दोन मुलांना त्याने बर्लिनमधील हॉटेलात आपल्या खोलीत लपवून ठेविले. आपण आजारी असून कोणी भेटीस येऊ नये, असा निरोप त्याने खाली दिला होता.

महायुद्धात हवाई छत्रीधारी सैनिक म्हणून तो क्रीट बेटावर उतरला. युद्धानंतर हाती पैसा उरला नव्हता. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्याने पुन्हा हातमोजे चढविले आणि १९४८ साली ते कायमचे उतरविले. पुढे शीतपेयांच्या व्यवसायात त्याचा जम बसला. लुई मात्र अमेरिकेत करांच्या थकबाकीने गांजला होता. या जुन्या प्रतिस्पर्ध्याला श्मेलिंगने मित्र मानून मदत केली. १९८१ साली लुई वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाचाही काही भार त्याने उचलला.

हॉटेलातील त्या खोलीची हकीकत श्मेलिंगने स्वतः होऊन जगाला सांगितली नाही. १९८९ साली त्या मुलांपैकी एकाने, जो आता वृद्ध झाला होता, ती जाहीर केली. श्मेलिंग २ फेब्रुवारी २००५ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, मरण पावला.