शेतकऱ्यांचे कैवारी जोतीराव फुले

१८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत एका माळ्याचा मुलगा इंग्रजी शिकण्यास दाखल झाला. त्यापूर्वी काही काळ त्याचे शिक्षण बंद पडले होते व वडील गोविंदराव यांनी त्यास मळ्याच्या कामास लाविले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघा गृहस्थांनी वडिलांचे मन वळविले नसते, तर हा मुलगा आयुष्यभर मोटच हाकीत राहिला असता. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या आजोबांस असा शेजारी लाभला नाही, ही गोष्ट त्यांच्या पालकांस आम्ही सांगावयास नको. तो मुलगा म्हणजेच जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. त्यांच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८२६ त, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन निवर्तले होते. या दोन पुरुषांची नावे एकत्र घेण्याचे कारण असे की, शेतकरी हाच राष्ट्राचा कणा, ही गोष्ट दोघांनीही मनापासून मानिली. परंतु सरकारने शेतकऱ्यासाठी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघांनी भिन्न दिले. आपल्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर राबणारा, कोणाचे देणे नसलेला स्वतंत्र शेतकरी हाच लोकसत्तेचा खरा आधार आहे व अशा मनुष्याच्या वाटेत सरकारने होता होईल तो येऊ नये, असे जेफरसन यांचे मत होते. मात्र तेच जेफरसन आयुष्यात सहाशेंहून अधिक गुलामांचे धनी होते, आणि त्यांचा स्वतःचा मळा त्या गुलामांच्या घामावर पिकत होता, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे १८६२ साली त्याच देशाच्या सरकारने कसणाऱ्यास १६० एकर जमीन देण्याचा कायदा केला व शेतकीच्या महाविद्यालयांसाठी सरकारी जमिनी काढून दिल्या.

जोतीरावांनी विद्यार्थिदशा संपता संपता टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचिला व त्याचा ठसा त्यांच्या मनावर कायम राहिला. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, ते गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. मुलींसाठी व अस्पृश्य मानलेल्यांसाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी काढलेल्या शाळांची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. ती येथे विस्ताराने सांगत नाही.

आम्हांस विशेष सांगावयाचे ते निराळे आहे. जोतीराव केवळ ग्रंथकार नव्हते. ते बांधकामाचे ठेकेदार होते; खडकवासल्याच्या धरणाच्या कामी त्यांचा हात होता; मांजरी येथे त्यांची स्वतःची शेती होती. पाणी कसे अडते, भिंत कशी उभी राहते, मजुराच्या पोटात दुपारी काय असते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १८७५ त सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि लगेच पुढील दोन वर्षे मोठा दुष्काळ पडला. दर तीस वर्षांनी पाहणी होऊन शेतसारा वाढे; गायराने जंगलखात्याने गिळली; गुरांस चरावयास जागा उरली नाही. जेफरसनच्या शेतकऱ्याने सरकारास दूर राहा म्हणावे, हे ठीक होते. आमच्या कुणब्याच्या दाराशी सरकार साऱ्याची पावती घेऊन आधीच बसले होते!

यासाठी १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे आरंभीचे भाग ‘दीनबंधु’ पत्रात निघाले. पुढचे छापण्यास संपादक कचरले, इतकी त्यांतील भाषा तिखट होती. पहिल्या भागात जन्मापासून मरणापर्यंत धर्मविधींच्या निमित्ताने कुणबी कसा नागवला जातो, ते आहे. दुसऱ्यात गोऱ्या अंमलदारांच्या आळसाचे व कचेरीतील भट कामगारांच्या लबाडीचे वर्णन आहे. कोणासही हे झोंबेल, आणि काही ठिकाणी संतापाच्या भरात लेखणी सरसकट चालली आहे असे आम्हांसही वाटते. परंतु चौथ्या भागातील शेतकऱ्याच्या घराचे चित्र वाचून कोणी निर्विकार राहील, असे वाटत नाही.

पाचवा भाग उपायांचा आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. सरकारने फावल्या वेळी पलटणीतील व पोलिसांतील शिपायांकडून डोंगरउतारावर ताली व बंधारे घालवावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मगच नदीस मिळेल आणि माती वाहून जाणार नाही. पाणाडे नेमून विहिरींच्या जागा शोधाव्यात, विहिरी खणणारांस बक्षिसे द्यावीत. कालव्याचे पाणी वाटताना प्रत्येक शेतास तोटी बसवावी. तळ्यांतील व नद्यांतील गाळ शेतकऱ्यास फुकट न्यावयास मोकळीक असावी. परदेशांतील उत्तम जातीची मेंढरे आणून त्यांची पैदास करावी, दरसाल पिकांची व नांगरटीची प्रदर्शने भरवावीत. यांतील एकही गोष्ट हवेतली नाही. पाणी अडविण्याची व जिरविण्याची जी कामे पुढे विसाव्या शतकात महाराष्ट्रात झाली, त्यांचा आराखडा येथे आहे.

शिक्षणाविषयीही त्यांचे हेच म्हणणे होते. १८८२ त हंटर कमिशनापुढे त्यांनी निवेदन दिले, त्यात सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमाने भरते आणि तिचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, अशी तक्रार मांडली. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत आणि मुलांस शेतकीचेही धडे मिळावेत, अशी त्यांची मागणी होती.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यास ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. रत्नजडित अलंकार घातलेल्या सरदारांच्या मेळ्यात जोतीराव कुणब्याच्या फाटक्या वेषात जाऊन उभे राहिले आणि राणीची खरी प्रजा या दिवाणखान्यात नसून खेड्यापाड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्रास बजाविले. दोनच महिन्यांनी मुंबईच्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली.

आमच्या कुलाबा जिल्ह्यात रयतवारीच्या जोडीस खोतीही होती, तेव्हा येथील कुळाची अडचण घाटावरच्या शेतकऱ्याहून बिकट. १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे शेते पडीक ठेवून संप चालविला. १९३७ त डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचे विधेयक आणले. १९४९ त कायदा झाला. पुढे १९७० त सिडको स्थापन होऊन पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, आणि सरकारने शेतकऱ्याशी कसे वागावे, हा जुनाच प्रश्न आमच्या घरांत पुन्हा उभा राहिला. ज्यांच्या भातखाचरांवर आज इमारती आहेत, अशा पालकांनी असुडाचा पाचवा भाग मुलांबरोबर बसून वाचावा, ही आमची विनंती आहे.

१८८८ च्या जुलैत जोतीरावांस पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याची सवय केली व ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते १८९१ त छापून निघाले, तेव्हा जोतीराव नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यास त्यांनी देह ठेविला होता.