जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये

जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये (१६ एप्रिल, १९०७ – १८ फेब्रुवारी, १९६४) हे कॅनडातील फ्रेंच भाषक संशोधक, यंत्रज्ञ व उद्योजक होते. बर्फावरून चालणाऱ्या पट्ट्याच्या मोटारगाड्या आणि पुढे 'स्की-डू' हे हलके हिमवाहन (स्नोमोबाइल) त्यांनी तयार केले. सात आणि बारा प्रवासी नेणाऱ्या बंदिस्त गाड्यांपासून एका किंवा दोन स्वारांच्या उघड्या वाहनापर्यंत झालेला हिमवाहनाचा प्रवास मोठ्या प्रमाणात त्यांच्याच कारखान्यात घडला. त्यांनी स्थापन केलेली कंपनी त्यांच्या मृत्यूनंतर रेल्वे व विमान उद्योगात जगभर ओळखली गेली.

जन्म आणि बालपण

बॉम्बार्डिये यांचा जन्म कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वालकूर या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव आल्फ्रेड व आईचे नाव ॲना ग्राव्हेल. आर्मांड हे भावंडांत थोरले होते. वालकूर परिसरात हिवाळ्यात दाट बर्फ साचत असे. मोटारी घरोघरी उभ्या करून ठेवाव्या लागत आणि लोक घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांतून ये-जा करीत. गावातून मोठ्या शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचणे अशा दिवसांत अत्यंत कठीण असे.

लहानपणापासून आर्मांड यांना यंत्रांची ओढ होती. जुन्या घड्याळांचे भाग वापरून ते चालती खेळणी बनवीत. मुलाचा हा नाद पाहून वडिलांनी त्यांना फोर्ड मोटारीचे एक जुने इंजिन दिले. ते घसरगाडीच्या सांगाड्यावर बसवून व त्याला लाकडी पंखा जोडून आर्मांड यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी आपले पहिले हिमवाहन तयार केले. ३१ डिसेंबर, १९२२ रोजी ते व त्यांचे धाकटे बंधू लेओपोल्ड हे वाहन घेऊन गावाच्या रस्त्यावर उतरले. लेओपोल्ड दिशा सांभाळीत होते, तर आर्मांड इंजिन. वाहन चालले, परंतु उघडा फिरणारा पंखा जिवावर बेतू शकतो हे ओळखून वडिलांनी ते लगेच सुटे करावयास लावले.

शिक्षण आणि गॅरेज

मुलाने धर्मगुरू व्हावे अशी घरच्यांची इच्छा असल्याने आर्मांड यांना शेरब्रुक येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घालण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. वडिलांची संमती मिळवून त्यांनी शिक्षण सोडले आणि गॅरेजमध्ये उमेदवारी पत्करली. पुढे मॉन्ट्रियल येथे दिवसा काम करून सायंकाळच्या वर्गांत त्यांनी यंत्रविद्या व विद्युतशास्त्राचे शिक्षण घेतले. १९२६ मध्ये वालकूरला परतून त्यांनी स्वतःचे गॅरेज सुरू केले. उन्हाळ्यात मोटारींची दुरुस्ती आणि हिवाळ्यात हिमवाहनाचे प्रयोग असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

विवाह आणि पुत्रवियोग

१९२९ मध्ये त्यांचा विवाह इव्हॉन लाब्रेक यांच्याशी झाला. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आंत्रपुच्छदाहाने आजारी पडला व विकार पोटभर पसरला. शस्त्रक्रियेसाठी त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक होते. परंतु रस्ते बर्फाखाली गेले होते आणि आर्मांड यांच्या गॅरेजमधील कोणतेही प्रायोगिक वाहन चालण्याच्या स्थितीत नव्हते. मुलाचा मृत्यू झाला.

या दुःखातूनच हिमवाहनाचा शोध लागला असे अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांचे प्रयोग त्याआधी बारा वर्षे सुरू होते. मात्र या घटनेनंतर त्यांच्या कामाला निश्चित दिशा मिळाली, असे मानण्यास आधार आहे. पुढील दोन-तीन वर्षांतच त्यांनी विक्रीयोग्य वाहन सिद्ध केले आणि ते प्रामुख्याने डॉक्टर, धर्मगुरू व टपाल सेवा यांच्या उपयोगाचे ठरले.

दातेरी चाक आणि पट्टा

मऊ बर्फावर वाहन रुतते याचे कारण त्याचे एकूण वजन एवढेच नसून ते किती क्षेत्रफळावर पसरले आहे हेही असते. साध्या चाकाचा जमिनीला टेकणारा भाग फार लहान असल्याने ते खोल जाते. पट्ट्यामुळे तेच वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते. ही कल्पना बॉम्बार्डिये यांच्यापूर्वीही ज्ञात होती. आदोल्फ केग्रेस यांनी रशियाच्या झारच्या मोटारींना असे पट्टे बसवले होते, तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलिआसन यांनी १९२४ मध्ये मोटार लावलेली हलकी घसरगाडी बनवली होती.

बॉम्बार्डिये यांच्यापुढील अडचण पट्टा फिरवण्याची होती. बर्फ चाकांत व सांध्यांत भरून गोठे आणि पट्टा निसटे. १९३५ च्या सुमारास त्यांनी रबराने मढवलेले दातेरी चाक व त्यावर फिरणारा रबर आणि कापडाचा पट्टा अशी जोडणी यशस्वी केली. तिचे पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळाले. या जोडणीवर आधारलेली 'बी-७' ही सात आसनांची बंदिस्त गाडी १९३६-३७ च्या हिवाळ्यात विक्रीस आली. गाडीच्या पुढे दिशा देणाऱ्या स्की, मागे पट्टे आणि मध्ये लाकडी बांधणीची खोली अशी तिची रचना होती.

कंपनीची स्थापना आणि युद्धकाळ

मागणी वाढल्यावर बॉम्बार्डिये यांनी वालकूर येथे नवा कारखाना उभारला. त्यानंतर आलेल्या 'बी-१२' या बारा आसनी गाडीला आऱ्यांच्या चाकांऐवजी भरीव तबकडीची चाके बसवण्यात आली, जेणेकरून त्यांत बर्फ अडकू नये. ही गाडी रुग्णवाहिका, टपालगाडी आणि भाड्याची मोटार अशा अनेक रूपांत वापरली गेली. शाळकरी मुलांसाठी त्याहून मोठी 'सी-१८' ही गाडी तयार झाली. १९४२ मध्ये 'लोतो-नेज बॉम्बार्डिये' ही कंपनी स्थापन झाली व त्यांचे बंधूही व्यवसायात सहभागी झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सामान्य ग्राहकांना होणाऱ्या विक्रीवर सरकारी निर्बंध आले आणि कंपनीने सैन्यासाठी पट्ट्यांची वाहने पुरवली.

१९४८ चे संकट

१९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याचे काम हाती घेतले. रस्ते हिवाळ्यातही खुले राहू लागले आणि लोक आपल्या नेहमीच्या मोटारी वापरू लागले. ज्या अडचणीवर उपाय म्हणून बॉम्बार्डिये यांच्या मोठ्या गाड्या निर्माण झाल्या होत्या, ती अडचणच दूर झाली. नागरिकांचा लाभ हा कंपनीचा तोटा ठरला व विक्री झपाट्याने घटली.

बॉम्बार्डिये यांनी आपल्या पट्ट्यासाठी नवी क्षेत्रे शोधली. शेतीच्या ट्रॅक्टरला बसवता येणारा पट्टा त्यांनी बाजारात आणला. १९५३ मध्ये 'मस्केग' हे दलदलीत व जंगलात चालणारे वाहन तयार झाले. लाकूडतोड, खनिज तेलाचा शोध आणि विजेच्या तारा टाकण्याची कामे यांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला.

स्की-डू

एकट्या माणसासाठी हलके वाहन बनवण्याचा तरुणपणीचा विचार बॉम्बार्डिये यांनी जड इंजिनांमुळे बाजूला ठेवला होता. १९५० च्या दशकात लहान व विश्वासार्ह इंजिने मिळू लागली. त्यांचे पुत्र जेर्मेन यांच्या सहभागातून रबराचा बिनजोड पट्टाही विकसित झाला. या दोहोंच्या आधारे, वाहनाखालची जवळजवळ सर्व रुंदी व्यापणारा एकच पट्टा, पुढे दोन स्की आणि सायकलसारखा दांडा असलेले वाहन १९५९ मध्ये बाजारात आले. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा ते घेणार असल्याने त्याचे नाव 'स्की-डॉग' ठरले होते. ते 'स्की-डू' कसे झाले याविषयी छपाईतील चुकीची कथा सांगितली जाते.

याच वर्षी त्यांनी असे एक वाहन उत्तर ऑन्टारियोतील लान्सडाउन हाउस येथे नेले व तेथील मिशनरी मॉरिस वीमे यांना दिले. वीमे यांचा प्रवास तोवर कुत्र्यांच्या घसरगाडीने होत असे. पहिल्या हंगामात २२५ वाहने विकली गेली. १९६३-६४ च्या हंगामात हा आकडा आठ हजारांच्या पुढे गेला.

एक स्वार की दोन

स्की-डूची रचना करताना वाहन किती माणसांसाठी असावे हा प्रश्न निर्णायक होता. बारा आसनी गाडीला पुरेसे प्रवासी मिळाले तरच ती परवडे, आणि ती रुतल्यास एकट्या चालकाला बाहेर काढणे अशक्य असे. दुसऱ्या टोकाला केवळ एका माणसाचे वाहन हलके व चपळ झाले असते. परंतु शिकारी, मिशनरी किंवा डॉक्टर यांना परतताना कोणाला तरी सोबत आणावे लागे. बॉम्बार्डिये यांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे लांब, सलग बैठक आणि रुंद पट्टा. चालक एकटा असताना बैठकीचा मागचा भाग सामानासाठी वापरता येई व गरज पडल्यास तेथे दुसरा माणूस बसे. जादा ओझे मागे बांधलेल्या घसरगाडीवर नेता येई.

या तडजोडीच्या मर्यादाही आहेत आणि आजची हिमवाहने निवडताना त्याच विचारात घेतल्या जातात. मागे दुसरा माणूस बसल्यावर वजन मागे सरकते, पुढील स्कींवरील दाब कमी होतो आणि वाहन वळण्यास नाखूश होते. त्यामुळे दोघांच्या वाहनात मागील सस्पेन्शनचा ताठरपणा बदलता येणे आवश्यक असते. आखलेल्या वाटांवर एकट्याने फिरण्याच्या वाहनांचे पट्टे साधारणतः १२० ते १२९ इंच लांब असतात, तर दोघांसाठीच्या वाहनांत सुमारे १३७ इंची पट्टा प्रचलित आहे. लांब पट्टा वजन चांगले पेलतो व खाचखळगे सहज ओलांडतो. मात्र एकट्या स्वाराला तो वळणावर जड वाटतो. १४६ इंचांपासून पुढचे पट्टे मुख्यतः खोल, मऊ बर्फासाठी असतात.

दोन्ही उपयोगांसाठी वाहन घेणाऱ्यांना म्हणूनच पाठटेकू व पकडदांड्यांसह काढता-घालता येणारे मागील आसन, उलट दिशेने जाण्याची सोय आणि निर्मात्याने ठरवलेली भारमर्यादा या गोष्टी पाहाव्या लागतात. दोन्ही स्वार, त्यांचे जाड कपडे व सामान यांचे एकत्रित वजन त्या मर्यादेत बसावे लागते. वर्षातील बहुतेक दिवस प्रवास एकट्यानेच होणार असेल, तर रुतलेले वाहन एकट्याला हलवता येईल का, हा मुद्दा वेगापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

भूमिका आणि स्वभाव

बॉम्बार्डिये मितभाषी, धर्मनिष्ठ आणि कष्टाळू होते. कारखान्याचा कारभार ते कुटुंबप्रमुखाच्या भूमिकेतून पाहत. स्की-डूची ओळख मौजेचे वाहन म्हणून होऊ लागली, तेव्हा त्यांनी सावध भूमिका घेतली. कंपनीचा मुख्य आधार कामाची वाहने हाच असावा, असे त्यांना वाटे. बाजाराने मात्र वेगळा कौल दिला व स्की-डूचा बहुसंख्य ग्राहक सुट्टीच्या दिवशी फिरणारा ठरला.

मृत्यू

१८ फेब्रुवारी, १९६४ रोजी शेरब्रुक येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते. चाळीसहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर होती. त्यांच्यानंतर काही काळ जेर्मेन यांनी आणि १९६६ पासून जावई लोराँ बोद्वाँ यांनी कंपनीची धुरा सांभाळली.

परिणाम आणि वारसा

हिमवाहनाने उत्तर ध्रुवाजवळच्या समाजांचे जीवन बदलले. फिनलंडच्या उत्तरेकडील स्कोल्ट सामी या रेनडिअरपालक समाजात १९६० च्या दशकात ही वाहने आली. त्यांच्या परिणामांवर मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी केलेला अभ्यास १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दूरचे अंतर काही तासांत कापता येऊ लागले. त्याचबरोबर इंधन, सुटे भाग व वाहनाची किंमत यांमुळे रोख पैशावरील अवलंबित्व वाढले आणि ज्यांना खर्च झेपला नाही ते कळपपालनातून बाहेर फेकले गेले.

कंपनीने १९७४ मध्ये मॉन्ट्रियल मेट्रोच्या डब्यांचे कंत्राट मिळवून रेल्वे क्षेत्रात आणि १९८६ मध्ये 'कॅनडेअर' ही कंपनी घेऊन विमान क्षेत्रात पाऊल टाकले. हिमवाहनांचा विभाग २००३ मध्ये विकला गेला व पुढे 'बीआरपी' या नावाने स्वतंत्रपणे चालू राहिला. रेल्वे विभाग २०२१ मध्ये 'अल्स्टॉम' कंपनीकडे गेला. भारतात दिल्ली मेट्रोचे अनेक डबे कंपनीच्या गुजरातमधील सावली येथील कारखान्यात तयार झाले. मुंबईत २०१५ पासून धावू लागलेल्या, कंपनीची विद्युत यंत्रणा बसवलेल्या उपनगरी गाड्यांना प्रवासी 'बंबार्डियर लोकल' म्हणून ओळखतात.

वालकूर येथे १९७१ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय असून त्यांचे मूळ गॅरेज तेथे पाहता येते. क्वेबेकमधील ५५ क्रमांकाच्या द्रुतगती महामार्गालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.