मार्कोनीचा अबोला

घरात नवा राऊटर आला की जुन्या लॅपटॉपला तो कधीकधी दिसतच नाही. राऊटर ५ गिगाहर्ट्झवर बोलत असतो आणि लॅपटॉपचे कान २.४ लाच लागलेले. ही अडचण खरी असते आणि राऊटरवर २.४ ची सोय चालू केली की बहुधा मिटते. पण लॅपटॉप एका कंपनीचा नि राऊटर दुसरीचा, एवढ्यावरून आज कोणी अडवत नाही. बिनतारी विद्येच्या बाळपणी मात्र अशी अडवणूक होत होती आणि ती करणारा होता त्या विद्येचा जनक म्हणून मिरवलेला गुलिएल्मो मार्कोनी.

जन्म १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. आई आयर्लंडच्या जेमसन या व्हिस्कीवाल्या घराण्यातली. १८९५ मध्ये या तरुणाने घराजवळच्या टेकडीपलीकडे संदेश धाडला. तिथे उभ्या असलेल्या भावाने बंदुकीचा बार काढून पोच दिली. (हर्ट्झ, लॉज आणि आपले जगदीशचंद्र बोस यांचे काम त्याआधीचे किंवा त्याच सुमाराचे, हे विसरू नये.) १८९७ मध्ये लंडनला कंपनी निघाली. १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडला त्याने तीन टिंबे ऐकल्याचे जाहीर केले.

पण पैसा कसा मिळवायचा? ब्रिटनमध्ये तारेचा मक्ता टपाल खात्याकडे. मार्कोनीने तोड काढली: यंत्र विकायचे नाही, जहाजाला भाड्याने द्यायचे आणि चालवणारा माणूसही आपलाच ठेवायचा. संकटाची वेळ सोडली, तर परक्या यंत्रावरून आलेल्या हाकेला त्याने उत्तर द्यायचे नाही! लहरी पोहोचत होत्या, ऐकूही येत होत्या. आडवा येत होता तो करार.

१९०२ मध्ये याचा फटका थेट कैसरच्या भावाला बसला. अमेरिकेहून परतताना प्रिन्स हेन्रीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आभाराचा संदेश धाडायचा होता. जहाजावरचे यंत्र जर्मन. मार्कोनी केंद्राने दाद दिली नाही. कैसर संतापला. १९०३ मध्ये बर्लिनला परिषद भरली आणि १९०६ च्या करारात ठरले की, यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्यावरच्या केंद्राने जहाजाशी बोललेच पाहिजे. जर्मनीचा हेतू काही निव्वळ परोपकाराचा नव्हता. तिला आपली टेलिफुंकन पुढे आणायची होती. तरीही मागणी रास्तच होती. गंमत म्हणजे १९०९ चे नोबेल मार्कोनीला विभागून मिळाले, ते टेलिफुंकनच्या घडणीत वाटा असलेल्या फर्डिनांड ब्राउनबरोबर.

१९१२ मध्ये टायटॅनिकवरून मदतीची हाक दिली ती मार्कोनीच्याच माणसांनी. कार्पेथिया धावली, सातशेवर जीव वाचले. मार्कोनीचा जयजयकार झाला. त्याच वर्षी लंडनच्या करारात जहाजाजहाजांमधला अबोलाही संपवण्यात आला.

पुढे त्याच्या कंपनीच्या बीम पद्धतीने १९२७ मध्ये आपले खडकी आणि दौंडही इंग्लंडशी जोडले गेले. मार्कोनी तोवर मुसोलिनीच्या पक्षात गेला होता. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये तो वारला, तेव्हा ब्रिटनमधली प्रक्षेपण केंद्रे त्याच्यासाठी दोन मिनिटे गप्प राहिली.