विषातून औषध

कार्ल पॉल लिंक यांचा जन्म १९०१ साली अमेरिकेत झाला. ते विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३३ च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, एक शेतकरी मेलेली कालवड, डबाभर न साकळणारे रक्त व बुरसलेला चारा घेऊन त्यांच्या दारी आला. त्याची गुरे रक्तस्रावाने मरत होती. सहकाऱ्यांसह सहा वर्षे खपून लिंक यांनी चाऱ्यातले ते द्रव्य शोधले. त्याच जातीचे वॉर्फरिन १९४८ पासून उंदरांचे विष म्हणून विकले गेले. १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना तेच औषध म्हणून दिले. १९७८ साली लिंक निवर्तले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आजही कित्येकजण ही गोळी घेतात. मात्र ती रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच घ्यावी. माप चुकले की औषधाचे पुन्हा विष होते.