ज्ञान कशासाठी? – पंडिता रमाबाईंच्या जीवनातून

प्रियांनो, आपण संदेश ऐकतो, टिपणे काढतो, पवित्र शास्त्रातील अध्याय पाठ करतो. हे चांगलेच आहे. पण हे ज्ञान आपण कशासाठी मिळवतो, हे स्वतःला कधी विचारले आहे का? पंडिता रमाबाईंचे जीवन आपल्याला हाच प्रश्न विचारते.

१८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने रमाला. लहान वयातच रमाबाईंना हजारो श्लोक मुखोद्गत होते. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावासोबत त्या पायी देशभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मान मिळाला, पण मनाला शांती मिळाली नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथेही त्यांनी कोणतीही शिकवण डोळे मिटून स्वीकारली नाही. प्रश्न विचारले, शास्त्र पडताळून पाहिले. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपण ख्रिस्ती धर्म समजून घेतला, पण ख्रिस्ताला अजून ओळखलेले नाही. एवढ्या मोठ्या विदुषीने हे नम्रपणे कबूल केले आणि रिकाम्या हातांनी प्रभूकडे आली. तुम्ही-आम्ही असे कबूल करू शकू का?

मग त्यांनी विद्या टाकून दिली का? नाही. प्रभूने तीच विद्या नव्याने वापरली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना वाचवून केडगावला आणले. मुक्ती मिशनमध्ये त्या मुली लिहायला-वाचायला आणि हातांनी काम करायला शिकल्या. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरातील जड शब्द अशा साध्या स्त्रियांना कळत नव्हते. म्हणून रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. ज्या जिभेवर एकेकाळी पंडितांची संस्कृत होती, तिने खेड्यातल्या बाईची बोली स्वीकारली. मुक्तीतल्या स्त्रियांनीच छापखान्यात खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम पूर्ण झाले होते.

प्रियांनो, जे ज्ञान आपल्याला प्रभूजवळ नेत नाही, ते केवळ ओझे आहे. आणि जे प्रभूजवळ नेते, ते आपल्यापाशीच थांबत नाही. या आठवड्यात तुम्ही शास्त्रातून जे शिकलात, ते कोणाला सोप्या शब्दांत सांगणार आहात? आज त्या एका व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करा आणि तिच्याकडे जा.