सर पॅट्रिक गेडिस : गल्लीबोळांतून हिंडणारा प्राध्यापक

समाजशास्त्राच्या वर्गात डॉ. घुर्ये यांचे नाव पहिल्याच आठवड्यात कानावर पडते. परंतु १९१९ साली मुंबई विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक झालेले, घुर्ये यांचे गुरू, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. लंडनला हक्स्ले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि त्यांना अंधाऱ्या खोलीत राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या माणसावर याहून मोठा घाला कोणता? खिडकीच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांच्या मनात आले की निरनिराळ्या शास्त्रांतील कल्पना अशाच घरांत मांडून एकमेकींशी ताडून पाहाव्यात. दृष्टी परत आली. पण कागदाला घड्या घालून विचार करण्याची सवय जन्मभर टिकली.

१८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शिकवणे मात्र फक्त उन्हाळ्याच्या सत्रात असे. उरलेले वर्ष एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तीत जाई. तेथे पत्नी ॲना यांच्यासह ते स्वतः राहायला गेले होते. फ्रेंच विचारवंत ल प्ले यांच्यापासून त्यांनी स्थळ, काम आणि लोक ही त्रयी घेतली. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे नदीचे खोरे एकत्र पाहिल्याखेरीज शहर कळत नाही, असे ते मानीत.

१९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानला निघाले. प्रदर्शनाचे सामान ज्या बोटीवर होते ती जर्मनांच्या 'एम्डेन'ने बुडवली. मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठवले आणि प्रदर्शन मद्रासला भरले. मग सुरू झाली गावोगावची पायपीट. नकाशा हाती घेऊन ते गल्लीबोळांतून हिंडत. विहिरी, तळी, झाडे, देवळे, रिकाम्या जागा टिपत. कोण कोणता धंदा करतो आणि गाव कसे वाढले, हेही पाहत. त्या काळच्या अभियंत्यांचा कल सरळ रुंद रस्ते काढून घरे पाडण्याकडे असे. गेडिस मोडकळीस आलेले मोजके बांधकाम काढून मोकळी जागा वाढवा, असे सुचवीत. त्यात खर्च कमी आणि बेघर होणारेही थोडे. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्यासही त्यांचा विरोध होता. तळी पुराचे पाणी झेलतात, हवा थंड ठेवतात. डासांच्या अळ्या खायला मासे आहेतच.

इंदूरला होळकर दरबारासाठी काम करताना शहरात प्लेगची दहशत होती. तेथे त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढवली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा नसेल, ज्या भागातील लोक घरे अधिक झाडतील आणि दुरुस्त करतील त्या भागातून ती जाईल, असे आधीच जाहीर झाले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मिरवणुकीत निघाले, आणि नव्या कपड्यांत, फुले लावून सफाई कामगारही मानाने चालले. अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. पण मला वाटते, त्या मिरवणुकीने जे साधले ते कोणत्याही खंडाने साधले नसते.

१९१७ हे साल त्यांना फार जड गेले. मुलगा ॲलास्टर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि त्याच वर्षी ॲनाही हिंदुस्थानातच निवर्तल्या. तरी ते थांबले नाहीत.

मुंबईतील कारकीर्द १९२४ पर्यंतच चालली. व्याख्याने दाढीत पुटपुटल्यासारखी, विषयांतर फार, लिहिणेही पसरट. हाती घेतलेले निम्मे पुरे होत नसे. त्यांच्या बहुतेक योजना कागदावरच राहिल्या, हे मान्य करायला हवे. पण घुर्ये यांना हेरून इंग्लंडला पाठवण्यामागे त्यांचाच हात होता.

पुढे ते फ्रान्समध्ये माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९३२ मध्ये 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. १९१५ साली मुंबई इलाख्यातील सहा गावांवर त्यांनी लिहिलेले अहवाल महाराष्ट्र शासनाने छापले, ते १९६५ मध्ये.