डॉ. लूसी विल्स : अल्पचरित्र

आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीतील जेवणानंतर, आमच्या विद्यार्थ्यांस एक निळी गोळी देण्यात येते. काही मुले ती नाक मुरडून गिळतात व काही दप्तरात लपवितात. हे आम्हांस ठाऊक नाही असे त्यांनी समजू नये. त्या गोळीत दोन द्रव्ये असतात. एक लोह व दुसरे फोलिक ॲसिड. ह्या दुसऱ्या द्रव्याचा माग प्रथम आपल्या मुंबईत, परळ येथे लागला, आणि तो एका विदुषीने काढला. तिचे अल्पचरित्र येथे देत आहोत. शरीर आपणच आपला वैरी होते अशा एका विलक्षण रोगाची हकीकतही त्यात ओघाने येईल, कारण ती समजल्यावाचून ह्या बाईंच्या कामाचे मोल ध्यानात यावयाचे नाही.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरानजीक सटन कोल्डफील्ड येथे झाला. शालेय शिक्षण चेल्टनहॅम येथे झाल्यावर त्यांनी केंब्रिजच्या न्यूनॅम कॉलेजात वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र ह्या विषयांचा अभ्यास केला. १९११ साली त्या परीक्षा उतरल्या, परंतु पदवी मिळाली नाही, कारण ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांस पदवीच देत नसे. पुढे त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या असता पहिले महायुद्ध सुरू झाले. तेथे काही काळ त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली व १९१५ साली लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले. १९२० साली डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असता त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात संशोधनाचे व शिकविण्याचे काम पत्करले.

१९२८ साली डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या बोलावण्यावरून विल्सबाई मुंबईस आल्या. हिंदुस्थानात बाळंतपणात इतक्या स्त्रिया का दगावतात, ह्याची चौकशी त्या वेळी चालली होती व परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम होते. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांस गरोदरपणी भयंकर पांडुरोग होत असे. चेहरा पांढराफटक पडे, दम लागे, पायांवर सूज येई आणि पुष्कळदा आई व मूल दोघेही हातचे जात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पाहिले असता तांबड्या पेशी संख्येने थोड्या परंतु आकाराने अवाढव्य दिसत.

असेच रक्त आणखी एका रोगात दिसते, आणि येथेच सारा घोटाळा होता. लंडनचे डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली आपल्या ग्रंथात वर्णिलेल्या ह्या रोगास घातक पांडुरोग म्हणतात. तो बहुधा उतारवयात, खाऊनपिऊन सुखी माणसांसही होतो. १९२६ साली अमेरिकेतील मायनॉट व मर्फी यांनी यकृत खाऊ घालून असे रोगी बरे करून दाखविले. तरी अन्नात काही उणे नसता हा रोग का होतो, हे कोडे उरलेच.

आता ते उकलले आहे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. आपले कोण व परके कोण, ही ओळख तिला लहानपणापासून होते. परंतु काही माणसांत ही ओळख बिघडते आणि फौज आपल्याच घरावर उठते. अशा रोगांस ऑटोइम्यून, म्हणजे स्वप्रतिकारक रोग म्हणतात. घातक पांडुरोगात हा हल्ला जठराच्या अस्तरातील पेशींवर होतो. त्या पेशी पाचक आम्ल तर करतातच, शिवाय एक असे द्रव्य करतात की ज्याच्या सोबतीवाचून ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व आतड्यांतून रक्तात शिरत नाही. पेशी नष्ट झाल्या म्हणजे ताटात सर्व काही असूनही शरीर उपाशी राहते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून रोग चोरपावलांनी येतो. पुढे जीभ लाल व गुळगुळीत होते, रक्त बिघडते, हातापायांस मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो. (ब-१२ कमी झाले म्हणजे हाच रोग, असे मात्र नव्हे. आमच्या जिल्ह्यातील माळकरी घरांत दूधदुभतेही बेताचे असेल, तर केवळ आहारामुळे ते कमी पडू शकते.)

हल्ला कोणत्या अवयवावर होतो त्यावरून रोगाचे नाव बदलते. सांध्यांवर झाला तर एका जातीचा संधिवात, स्वादुपिंडावर झाला तर लहान मुलांचा मधुमेह, आणि कातडीस रंग देणाऱ्या पेशींवर झाला तर कोड. कोड उठलेल्या मुलीच्या बाकावर बसण्यास दुसऱ्या मुली कचरताना आम्ही पाहिल्या आहेत. हा रोग स्पर्शाने होत नाही व कोणाच्या पापानेही होत नाही, हे पालकांनी घरी सांगितले तर आमचे काम हलके होईल.

विल्सबाई मुंबईस आल्या तेव्हा ह्यातले फारच थोडे कोणास ठाऊक होते. त्यांनी आजारी स्त्रियांच्या स्वयंपाकाकडे लक्ष दिले. भाजीपाला, फळे व दूध त्यांत फार थोडे असे. तसाच आहार त्यांनी उंदरांस घातला. उंदीर फिके पडले आणि यीस्ट दिल्यावर सुधारलेही. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांपासून आलेल्या एका जंतूने ह्या प्रयोगात घोळ केला आहे, असे पुढे दिसून आले. बाई खचल्या नाहीत. त्यांनी माकडांवर नव्याने प्रयोग मांडले व कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतही काम केले. एका अत्यंत आजारी माकडास त्यांनी मार्माइट नावाचा यीस्टचा काळा, खारट अर्क दिला, आणि ते झपाट्याने सुधारले. मग तोच स्वस्त अर्क गरोदर स्त्रियांस देण्यात आला व त्यांचे रक्त थोड्याच दिवसांत भरून येऊ लागले. १९३१ साली त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले.

पुढे त्यांनी आणखी एक बारीक भेद पाहिला. यकृताचा जो शुद्ध केलेला अर्क घातक पांडुरोगावर चाले, तो ह्या स्त्रियांस लागू पडत नसे. साधा, अशुद्ध अर्क मात्र गुण देई. ह्याचा अर्थ असा की रक्त सारखे दिसले तरी रोग दोन होते व औषधेही दोन होती. यीस्टमधील त्या अज्ञात द्रव्यास काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढलेल्या द्रव्यास फोलिक ॲसिड हे नाव पडले, आणि १९४५ साली अमेरिकेत भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली ते प्रयोगशाळेत तयार झाले. ब-१२ त्यानंतर १९४८ साली हाती आले.

हा भेद किती महत्त्वाचा होता ते लवकरच कळले. फोलिक ॲसिड घातक पांडुरोग्यांस दिले असता त्यांचे रक्त सुधारे, डॉक्टरही समाधान पावत, परंतु आतून मज्जातंतूंचा नाश चालूच राही व रोग्याचे पाय जात. त्यांस ब-१२ ची इंजेक्शनेच द्यावी लागतात, व तीही जन्मभर.

विल्सबाई लंडनला परतल्या, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाची सेवा केली व १९४७ साली निवृत्त झाल्या. त्यांनी लग्न केले नाही. सायकलवरून कामास जावे, बर्फावर घसरत दूरवर भटकावे, बाग करावी, असे त्यांचे छंद. मजूर पक्षातर्फे त्या चेल्सी येथे नगरसदस्य झाल्या, आणि म्हातारपणी फिजी व दक्षिण आफ्रिकेत जाऊन आहार व पांडुरोग यांचा अभ्यास करीत राहिल्या. शरीर स्वतःवरच उठते, हे एके काळी थोर शास्त्रज्ञांनीही अशक्य मानले होते. १९५६ साली लंडनमध्ये कंठग्रंथीच्या रोगात ते सिद्ध झाले आणि पुढील काही वर्षांत घातक पांडुरोगातही दिसून आले. ह्या वार्ता येत होत्या तेव्हा विल्सबाई हयात होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.